बोट तुमचं, खोट ॲपची

एक अधिक दोन अधिक तीन किती? चोवीस! हे उत्तर पहिलीतल्या पोराचं नाही, आयफोनच्या कॅल्क्युलेटरचं आहे. २०१७ साली आयओएस ११ आलं तेव्हा त्यावर बेरीज जरा झटपट दाबली की उत्तर चुकायचं. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. बटण दाबलं की ते क्षणभर उजळून विझावं, अशी देखणी सजावट केली होती. ती सजावट पुरी होईपर्यंत पुढचं बटण फोनला कळतच नसे. मग दुसरं अधिकचं चिन्ह गळायचं, १ + २ + ३ चं १ + २३ व्हायचं आणि पडद्यावर चोवीस झळकायचे. ॲपलने ११.२ या आवृत्तीत ते दुरुस्त केलं.

तोवर किती जणांनी मनाशी म्हटलं असेल, ‘माझंच बोट चुकलं असणार.’ आपल्याकडे तर हे घरोघरी ऐकू येतं. आजोबा लाइटबिल भरता भरता अडकतात आणि फोन नातवाच्या हातात देत म्हणतात, ‘बघ रे, मी काहीतरी बिघडवलं.’ आजोबांनी काही बिघडवलेलं नसतं. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ सालीच रोजच्या वस्तूंच्या रचनेवर अख्खं पुस्तक लिहून सांगून ठेवलंय, की दार ढकलायचं की ओढायचं हे माणसाला कळलं नाही, तर दोष दाराचा. असल्या फसव्या दारांना आता ‘नॉर्मन डोअर’ असंच म्हणतात. फोनमध्ये अशी दारं ढिगाने आहेत. त्यातली काही उघडून पाहू.

१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच

कुठल्याशा पोर्टलवर तुमच्या अर्जाची तारीख १ जानेवारी १९७० दिसली तर घाबरू नका. बहुतेक संगणक आतल्या आत तारीख अशी ठेवतच नाहीत. १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचची मध्यरात्र उलटून किती सेकंद झाले, एवढंच ते मोजतात. तारखेचा रकाना रिकामा राहिला आणि ॲपने त्या रिकामेपणाचं शून्य केलं, की शून्य सेकंद म्हणजे थेट १९७०. आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून भारतात वेळही दिसते ती पहाटे साडेपाचची.

या शून्याने फेसबुकचीही फजिती केली. २०१५ च्या शेवटच्या दिवशी फेसबुकने अनेकांचं अभिनंदन केलं: अमक्याशी तुमच्या मैत्रीला ४६ वर्षं झाली! फेसबुक सुरू झालं २००४ साली. अभिनंदन झालेल्यांपैकी कित्येकांचा १९६९ साली जन्मही झालेला नव्हता. त्यानंतर दीडेक महिन्यात आयफोनची पाळी आली. फोनची तारीख हाताने मागे नेत १ जानेवारी १९७० केली आणि फोन बंद करून चालू केला, तर तो सफरचंदावर अडकून बसायचा, पुढे हलायचाच नाही. ‘करून बघ, गंमत होते’ असं सांगणारे मित्र तेव्हा बरेच निघाले.

हेच सेकंद मोजणारी जुनी यंत्रणा २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजू शकते. तो आकडा भरेल १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्याच सेकंदाला जुनं यंत्र समजेल की आपण १९०१ च्या डिसेंबरात आहोत. दुरुस्तीचं काम जगभर चालू आहे, पण आकडा लक्षात ठेवा, कारण हीच मर्यादा एका गाण्याने आधीच ओलांडली. ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणं २०१४ च्या डिसेंबरात या आकड्याच्या पलीकडे गेलं आणि यूट्यूबला प्रेक्षक मोजणारा रकाना मोठा करावा लागला. यूट्यूब सुरू करताना एकच गाणं दोनशे चौदा कोटी वेळा कोण बघणार, असं वाटणं साहजिकच होतं. आता बघा, पोरांची बडबडगीतं त्याच्या कितीतरी पुढे गेली.

लीप वर्षाचा धडा तर कोणी शिकतच नाही. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची ॲझ्युर ही क्लाउड सेवा कोसळली. वर्षभर चालणारं प्रमाणपत्र बनवताना तिने फक्त वर्षात एक मिळवला आणि मुदत लिहिली २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवस कॅलेंडरात नव्हताच. बारा वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०२४ ला, न्यूझीलंडमधल्या स्वयंसेवा पेट्रोल पंपांवरची कार्ड यंत्रं त्याच दिवसाला अडखळली आणि लोक टाकी रिकामी घेऊन उभे राहिले. आणि एक्सेल? एक्सेल आजही १९०० हे लीप वर्ष मानतं. ते नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामने केलेली चूक एक्सेलने जुळवून घेण्यासाठी मुद्दाम उचलली, आणि आता ती सुधारली तर जगभरच्या वह्यांमधल्या तारखा सरकतील, म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

‘ज्ञ’ने फोन पाडला

२०१८ च्या फेब्रुवारीत एका तेलुगू अक्षराने आयफोन आडवे केले. ते अक्षर होतं ‘ज्ञा’. हो, आपल्याच ज्ञानातलं, फक्त तेलुगू लिपीतलं, आणि पोटात एक न दिसणारं चिन्ह दडवलेलं. एवढं एक अक्षर मेसेजमध्ये आलं की व्हॉट्सॲप असो वा दुसरं काही, ॲप बंद पडायचं आणि पुन्हा उघडायचंच नाही. सूचनेच्या पट्टीत आलं तर अख्खा फोन गटांगळ्या खायचा. बंगाली आणि देवनागरीतल्या काही जोडाक्षरांनाही हाच दोष बाधत होता, असं प्रोग्रामरांनी पुढे शोधून काढलं. बदनाम मात्र तेलुगू झाली. ॲपलने घाईघाईने ११.२.६ आणून ते मिटवलं. त्याआधी २०१५ साली अरबी मजकूर मिसळलेल्या एका संदेशानेही आयफोन असेच बंद पडत होते. इंग्रजी सोडून जगात कोणी लिहितं, हे चाचणी घेणाऱ्यांच्या ध्यानात उशिराच येतं.

आता आपल्या अंगणात येऊ. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरं किती? कोणीही मराठी माणूस सांगेल, चार: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाला विचारा. तो म्हणेल दहा. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आणि साठवायला सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले तीस. रोमन लिपीत लिहिलेला ज्ञानेश्वर अकरा बाइटांत मावतो. एखाद्या फॉर्मने ‘नाव जास्तीत जास्त आठ अक्षरी’ म्हटलं, की चार अक्षरांचे ज्ञानेश्वर बाहेर आणि सहा रोमन अक्षरांचा स्टीव्हन आत! एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मजकुरात एक जरी मराठी चिन्ह आलं तरी ती मर्यादा ७० वर येते. बँका मराठी ग्राहकाला इंग्रजीत संदेश का पाठवतात, याच्या अनेक कारणांतलं एक हे.

सगळ्यात मजेशीर गोष्ट ‘ॲप’ या शब्दाचीच आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवत. अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. शोधताना तुम्ही एक ‘ॲप’ लिहिलं आणि लेखकाने दुसरं वापरलेलं असलं, तर शोध रिकाम्या हाताने परततो. ‘ॲड्रेस’, ‘ॲडमिशन’, ‘ॲम्ब्युलन्स’ सगळ्यांची तीच कथा. आणि ज्या कीबोर्डला किंवा फॉन्टला आपला अर्धा ऱ जमत नाही, तिथे लग्नाच्या स्वयंपाकाला बोलावलेल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. दक्षिणा ठरलेली असली म्हणजे झालं.

तुमचं नाव चालणार नाही

ॲप बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस असतो. त्याला एक नाव आणि एकच आडनाव असतं. दक्षिण भारतात कित्येकांना आडनावच नसतं, आणि पासपोर्टवर एकच नाव असलं की अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरं पडतात. अर्थ एवढाच, की पहिलं नाव अज्ञात. तिथे गेलेल्या कित्येक भारतीय विद्यार्थ्यांना पुढे लायसन्सपासून बँकेपर्यंत ही तीन अक्षरंच नाव म्हणून चिकटली.

कॅलिफोर्नियातल्या एका संगणक-सुरक्षा तज्ज्ञाने तर हौसेने संकट ओढवून घेतलं. त्याने गाडीसाठी खास नंबरप्लेट घेतली: ‘नल’. प्रोग्रामरांच्या भाषेत नल म्हणजे ‘इथे काहीच नाही’. त्याला वाटलं, कॅमेऱ्यांची यंत्रणा गोंधळेल आणि दंड चुकेल. घडलं उलटंच. ज्या ज्या पावतीवर गाडीचा नंबर लिहायचा राहून गेला होता, त्या साऱ्या पावत्या यंत्रणेने याच्या नावावर टाकल्या. बारा हजार डॉलरच्या वर दंड! २०१९ साली एका हॅकर संमेलनात त्याने स्वतःच हा किस्सा रंगवून सांगितला.

एक सुंदर फोटो, एक विचित्र वायफाय

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या तळ्याचा एक सूर्यास्त फार फिरला. तो वॉलपेपर म्हणून लावला की काही अँड्रॉइड फोन सतत बंद-चालू होत राहायचे. चित्रात विषाणू नव्हता. छायाचित्रकाराने तो वेगळ्या रंगपद्धतीत साठवला होता, आणि एका ठिपक्याच्या उजेडाचं गणित २५५ च्या वर जात होतं. अँड्रॉइडने रकाने ठेवले होते २५५ पर्यंतच.

पुढच्या वर्षी कळलं, की वायफायच्या नावात टक्क्याची चिन्हं विशिष्ट अक्षरांबरोबर आली तर आयफोनचं वायफायच बंद पडतं. फोन ते नाव वाचण्याऐवजी त्याला हुकूम समजत होता. शेजाऱ्याचा पासवर्ड मिळत नसेल तर निदान... जाऊ द्या.

नकाशांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ॲपलने २०१२ साली स्वतःचे नकाशे आणले आणि दहा दिवसांच्या आत कंपनीचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर माफी मागून लोकांना दुसऱ्यांचे नकाशे वापरायला सुचवावं लागलं. ऑस्ट्रेलियात मिल्ड्युरा गावाला निघालेले लोक ७० किलोमीटर दूरच्या राष्ट्रीय उद्यानात पोचत होते. तिथे पाणी नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४६ अंशांवर. शेवटी पोलिसांनी इशारा काढला. अलास्कात फेअरबँक्स विमानतळाचा रस्ता दाखवताना याच नकाशाने लोकांना धावपट्टीच्या कडेपर्यंत नेलं, आणि दोन गाड्या खरोखर धावपट्टी ओलांडून पलीकडे गेल्या.

अकरा ओळींचा आधार

तुमच्या फोनमधलं ॲप एका कंपनीने बनवलेलं असतं, हा गैरसमज आधी काढून टाका. त्यात शेकडो लोकांचे आयते तुकडे जोडलेले असतात. यातला एक तुकडा ‘लेफ्ट-पॅड’. काम एवढंच, की शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा किंवा शून्यं भरायची. कोड फक्त अकरा ओळींचा. २२ मार्च २०१६ ला त्याच्या लेखकाचं दुसऱ्याच एका नावावरून भांडण झालं आणि रागाच्या भरात त्याने आपले सगळे तुकडे इंटरनेटवरून काढून घेतले. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांचं काम ठप्प. शेवटी ते तुकडे ठेवणाऱ्या संस्थेने त्या अकरा ओळी लेखकाला न विचारताच परत चढवल्या.

६ मे २०२० ला आयफोनवर स्पॉटिफाय, टिकटॉक, पिंटरेस्ट अशी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली ॲप एकाच वेळी उघडताक्षणी मिटू लागली. सगळ्यांच्या पोटात फेसबुकचा एक तुकडा होता आणि फेसबुकच्या सर्व्हरने त्याला चुकीची माहिती पाठवली होती. तुम्ही फेसबुकवर नसाल तरी तुमचं ॲप फेसबुकवर अवलंबून होतं. दोन महिन्यांनी, जुलैत, हाच प्रकार पुन्हा घडला.

आणि ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? भारतात नऊच्या सुमाराला व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम गेले ते सहा तासांनीच परतले. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचं स्वतःचंच जाळं तोडलं होतं. असली आज्ञा अडवणारा पहारेकरी प्रोग्राम होता, पण त्याच्यातच बग होता. दुरुस्तीला धावलेल्या इंजिनिअरांना आत शिरणंही अवघड झालं, कारण आतली साधनंही त्याच जाळ्यावर चालायची.

सर्व्हर डाऊन आहे, उद्या या

हे वाक्य महाराष्ट्रात रेशन दुकानापासून सेतू कार्यालयापर्यंत इतक्या सहज ऐकू येतं, की सर्व्हर हा वर चढलेला असतो कधी, असा प्रश्न पडावा. याबाबतीत आपण एकटे नाही हे मात्र खरं. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याचं राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू केलं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या सहा. सहा लाख नव्हे, सहा माणसं.

आपल्याकडे ७ जून २०२१ ला प्राप्तिकराचं नवं पोर्टल आलं. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवर ते बनवणाऱ्या इन्फोसिसला आणि तिचे सहसंस्थापक नंदन नीलेकणी यांना उद्देशून तक्रार केली. १९८१ साली पुण्यात जन्मलेली ही कंपनी. तिच्या प्रमुखांना ऑगस्टमध्ये मंत्र्यांपुढे येऊन खुलासा करावा लागला, कारण अडीच महिन्यांनीही अडचणी संपल्या नव्हत्या. त्याच वर्षी २८ एप्रिलला, दुपारी चार वाजता, अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन या कोविड लसीकरणाच्या पोर्टलवरची नोंदणी खुली झाली आणि काही मिनिटांसाठी कोविनने मान टाकली. गर्दीच तशी होती, पहिल्या दिवशी एक कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. सर्व्हर सावरला, पण खरा दोष वेगळाच होता. इंग्रजी पोर्टलवर चपळ बोटांनी जागा पटकावायच्या, हीच ज्याची रचना, त्याचा फायदा कोणाला होणार? मुंबई-पुण्याचे तरुण गाडी काढून पालघरसारख्या भागातल्या ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन आले आणि केंद्राशेजारी राहणारा माणूस बघत बसला. पोर्टल मराठीत आलं ते नंतर. माझ्या मते तो त्या पोर्टलचा सगळ्यात मोठा बग होता, आणि तो दुरुस्तीच्या कुठल्याही यादीत नसणार.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकऱ्याने शिवारात उभं राहून ॲपवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना उत्तम. फक्त ज्या शिवारात पीक असतं तिथे रेंज असतेच असं नाही, आणि मुदत संपत आली की सगळं राज्य एकाच वेळी सर्व्हरवर येतं. मग मुदतवाढ. तत्काळ तिकिटाचंही तेच: एसीसाठी सकाळी दहा, बाकीच्यांसाठी अकरा. ठरलेल्या मिनिटाला सारा देश एका दारात ढकलायचा, आणि मग दार करकरतं म्हणून हळहळायचं.

यूपीआयचा किस्सा जरा निराळा आहे. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय रखडलं. यूपीआय चालवणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने कारण शोधलं तेव्हा निघालं, की काही बँकांच्या यंत्रणा ‘तो व्यवहार झाला का?’ हे पुन्हा पुन्हा विचारत होत्या. उत्तर यायला उशीर, म्हणून आणखी विचारणा. आणखी विचारणा, म्हणून आणखी उशीर. पुढे १ ऑगस्टपासून एनपीसीआयने नियम आवळले. शिल्लक किती हे एका ॲपवर दिवसातून ५० वेळाच पाहता येतं. पन्नासाव्या वेळी पाहिल्यावरही ती वाढलेली नसतेच म्हणा.

तीन चौकोन, नव्वद कोटी डॉलर

वाईट पडद्याची किंमत किती, याचं उत्तर न्यायालयात नोंदलेलं आहे. ११ ऑगस्ट २०२० ला सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या धनकोंना साधारण ७८ लाख डॉलरचं व्याज द्यायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर, म्हणजे पूर्ण मुद्दलच. मुद्दल बँकेच्या आतल्या खात्यात वळवण्यासाठी पडद्यावर तीन चौकोनांत खुणा करायच्या होत्या. ‘मुद्दल’ असं लिहिलेल्या चौकोनात खूण केली की पुरे, असं समजून एकच केली गेली. हे सहा डोळ्यांनी, म्हणजे तीन माणसांनी, तपासलं होतं. त्यातले दोघे भारतातल्या कंत्राटी कंपनीचे. तिघांनाही तो पडदा बरोबर वाटला! काही धनकोंनी पैसे परत द्यायला साफ नकार दिला. २०२१ साली न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२२ साली अपिलात तो फिरला.

यातली खरी चव पुढे आहे. ते सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब. ते बनवलं मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीने, जी पुढे ओरॅकलने घेतली. आणि आय-फ्लेक्स निघाली होती सिटीच्याच पोटातून.

मुद्दाम केलेल्या चुका

सगळेच दोष नकळत होत नाहीत. ‘रद्द करा’ फिकट राखाडी आणि ‘चालू ठेवा’ भडक हिरवं, हा योगायोग नसतो. तिकीट काढताना दहा रुपयांचा विमा किंवा देणगी आपोआप टोपलीत पडलेली असते. सवलत नाकारायची तर बटणावर लिहिलेलं असतं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० साली या प्रकाराला ‘डार्क पॅटर्न’ नाव दिलं. भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. तेरा! खोटी घाई, टोपलीत सरकवणं, लाजवणं, वर्गणीचा सापळा, शेवटच्या पडद्यावर वाढणारी किंमत... यादी वाचताना एकही युक्ती अनोळखी वाटत नाही.

२०१३ साली अमेरिकेत एक टॉर्चचं ॲप पकडलं गेलं, ज्याने वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवला होता. उजेड पाडायला तुमचा पत्ता कशाला लागतो?

आणि एक छोटीशी फसवणूक अशी, जी लोकांना आवडते. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की प्रवासाची तिकिटं शोधणारं संकेतस्थळ लगेच उत्तर देण्यापेक्षा ‘आता ही विमान कंपनी तपासतोय, आता ती’ असं दाखवत थांबवून ठेवतं, तेव्हा लोकांना त्याची कदर जास्त वाटते. घाम गाळताना दिसणारं ॲप विश्वासू वाटतं.

ताऱ्यांवर जाऊ नका

ॲप चांगलं की वाईट हे तारे बघून ठरवत असाल तर २०१७ चा एप्रिल आठवा. स्नॅपचॅटच्या मालकाने भारताला गरीब म्हटल्याचा आरोप झाला, लोक चिडले आणि त्यांनी एक तारा द्यायला धाव घेतली. त्यातल्या अनेकांनी तो दिला स्नॅपडीलला. स्नॅपडील दिल्लीकडची भारतीय कंपनी, तिचा या प्रकरणाशी संबंध फक्त ‘स्नॅप’पुरता. २०२० च्या मे महिन्यात यूट्यूबरांच्या भांडणातून भारतीयांनी टिकटॉकचे तारे सव्वाच्या आसपास आणून ठेवले, आणि गुगलने लाखो अभिप्राय पुसून ते परत वर नेले. ॲपच्या कामात या काळात काहीही बदललं नव्हतं.

चांगलं ॲप बनवायला फार पैसा लागतो असंही नाही. जेकब निल्सन या तज्ज्ञाने २०००च्या सुमाराला हिशेब मांडून सांगितलं, की वापरातल्या बहुतेक अडचणी कळायला पाच माणसांसमोर ॲप ठेवून गप्प बसून पाहणं पुरेसं असतं. पाच! त्यातली एक आजी असू द्या, एक शिवारातली ताई असू द्या, एखादे जोडाक्षरी नावाचे ज्ञानेश्वर असू द्या. सरकारी पोर्टलांच्या टेंडरांत ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

तोवर आपण आपलं बघायचं. ॲप अडलं की आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. आणि रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा एक नियम घरात सगळ्यांना सांगा. यूपीआयने कोणाला पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवशी परत यायला हवेत. दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने तुम्हाला शंभर रुपये द्यायचे असतात, तेही तुम्ही तक्रार करण्याची वाट न बघता. ते जमा झाले नसतील तर मागून घ्या.